विकत घेतलेली गाणी आणि त्यांना लागलेले कुलूप: बेळगाव-खानापूरकडच्या श्रोत्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

मागच्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या एका भजनी मंडळाचे पेटीवादक पेनड्राइव्ह घेऊन बेळगावला माझ्याकडे आले. मंडळातल्या पोरांना चाली ऐकवण्यासाठी त्यांनी चाळीसएक अभंग मोबाईलवर 'डाउनलोड' केले होते, त्यासाठी दरमहा पैसेही भरत होते, आणि त्यांच्या मुलाने मोबाईलच्या पोटातल्या सगळ्या फाइली हुडकून पेनड्राइव्हवर उतरवल्या होत्या. तो पेनड्राइव्ह मंडळाच्या स्पीकरला लावला, तर स्पीकर मुका. "गाणी हायत की सगळी, पण एक बी वाजत नाही बघा," असे ते म्हणाले. मी पेनड्राइव्ह संगणकाला लावून पाहिला. आत शेकडो बारीक फाइली होत्या, नावाच्या जागी आकड्या-अक्षरांची लांबलचक माळ होती आणि एकीलाही ओळखीचे शेपूट नव्हते. आवाज त्या फाइलींतच होता, पण तो कुलुपात होता आणि किल्ली मोबाईलमधल्या ॲपने स्वतःजवळ ठेवली होती.

त्यांना मी त्या दिवशी जे तोंडी सांगितले, तेच इथे क्रमाने आणि थोडे विस्ताराने लिहीत आहे. आपल्या भागात या विषयाची निकड जरा जास्तच आहे, कारण जांबोटी ओलांडून कणकुंबीकडे निघाले की मोबाईलची रेंज जाते ती चोर्ला घाट उतरेपर्यंत धड येत नाही. इंटरनेटच्या भरवशावर असलेले गाणे नेमके अशा वाटेवरच दगा देते.

कुलूप म्हणजे नेमके काय

या कुलुपाला डिजिटल राइट्स मॅनेजमेंट, थोडक्यात डीआरएम, म्हणतात. गाण्याची फाइल सांकेतिक रूपात साठवलेली असते, ती उलगडणारी किल्ली विक्रेत्याच्या सर्व्हरकडून आपल्या खात्याला किंवा यंत्राला दिली जाते, आणि तिच्यासोबत काही अटी येतात: किती यंत्रांवर वाजवायचे, किती दिवस वाजवायचे, सीडीवर उतरवायचे की नाही. म्हणून अशी फाइल दुसऱ्या यंत्रावर नकलून नेता येते, पण तिथे ती वाजत नाही. पेटीवादकांच्या पेनड्राइव्हवर हेच झाले होते.

विकत घेतलेल्या गाण्यांच्या बाबतीत हा प्रकार एके काळी सर्रास होता. ॲपलचे आयट्यून्स स्टोअर 28 एप्रिल 2003 रोजी अमेरिकेत उघडले, तेव्हा तिथले 99 सेंटचे गाणे 'फेअरप्ले' नावाच्या कुलुपासह येत असे. पुढे स्थिरावलेल्या नियमांप्रमाणे ते पाच संगणकांवर वाजत असे, आणि गाण्यांची एकच यादी सात वेळा सीडीवर उतरवता येत असे. मायक्रोसॉफ्टच्या गोटातल्या दुकानांत डब्ल्यूएमए प्रकारच्या फाइली मिळत, त्यांचे कुलूप निराळे, आणि एकाची किल्ली दुसऱ्याला चालत नसे. फेब्रुवारी 2007 मध्ये ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी ही कुलुपे काढून टाकावीत असे जाहीर पत्र लिहिले, त्याच वर्षी ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीने आपली गाणी कुलुपाशिवाय विकायला परवानगी दिली, ॲमेझॉनने कुलूप नसलेल्या एमपीथ्री गाण्यांचे दुकान काढले, आणि 2009 च्या पहिल्या काही महिन्यांत आयट्यून्सवरच्या गाण्यांचे कुलूपही निघाले. गाण्यांचे म्हणतो ते मुद्दाम, कारण त्याच दुकानातल्या चित्रपटांवर ते राहिले.

मग आज कुलुपाचा प्रश्न संपला का? विक्रीच्या गाण्यांपुरता बहुतेक संपला. पण दरम्यान लोकांनी विकत घेणे सोडून महिन्याचे भाडे भरायला सुरुवात केली, आणि मागच्या दाराने कुलूप पुन्हा घरात आले. ॲपवर 'डाउनलोड' असे बटण असते, त्यावर बोट ठेवले की खाली जाणारा बाण दिसतो, मोबाईलची जागा भरते. एवढे सगळे झाल्यावर गाणे आपले झाले असे वाटणे स्वाभाविक आहे. माझ्या मते सगळ्या घोटाळ्याचे मूळ या एका शब्दात आहे. त्या बटणावर 'भाड्याने उतरवून ठेवा' असे लिहिले असते तर पेटीवादकांचा एक हेलपाटा वाचला असता.

पहिले काम: आपल्याजवळ काय आहे ते पाहणे

काही सोडवण्याआधी आपल्या संग्रहातली गाणी कोणत्या जातीची आहेत ते तपासावे. संगणकावर विंडोज असेल, तर फाइलीच्या नावाचे शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, मुळात लपवलेले असते. फाइल एक्स्प्लोररमध्ये 'व्ह्यू', त्यात 'शो' आणि त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' हे निवडले की ते दिसू लागते.

शेवटी एमपीथ्री, फ्लॅक किंवा वेव्ह असेल तर निश्चिंत राहावे. ही रूपे संगीताच्या दुकानांत कुलुपाशिवायच दिली जातात. एमफोरए असेल तर ती बहुधा आयट्यून्सवरून विकत घेतलेली, कुलूप नसलेली फाइल असते. एमफोरपी असेल, तर त्यातला 'पी' हे फेअरप्ले कुलुपाचे चिन्ह समजावे. डब्ल्यूएमएच्या बाबतीत नावावरून कळत नाही, कारण कुलूपवाली आणि बिनकुलुपाची अशा दोन्ही फाइलींचे शेपूट एकच असते. ती सरळ व्हीएलसीसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहावी, गाणे सुरू झाले तर कुलूप नाही.

आयट्यून्स किंवा मॅकवरचे म्युझिक ॲप वापरणाऱ्यांसाठी याहून पक्की खूण आहे. गाण्यावर उजवे क्लिक करून 'गेट इन्फो' उघडावे, त्यातल्या 'फाइल' या पानावर 'काइंड' असे लिहिलेल्या ओळीत पाहावे. तिथे 'पर्चेस्ड एएसी ऑडिओ फाइल' असेल, तर गाणे विकत घेतलेले आणि मोकळे आहे. 'प्रोटेक्टेड एएसी ऑडिओ फाइल' असेल, तर ते 2009 पूर्वीचे कुलूपबंद गाणे आहे. 'ॲपल म्युझिक एएसी ऑडिओ फाइल' असेल, तर ते मासिक वर्गणीवर उतरवलेले भाड्याचे गाणे आहे, आणि वर्गणी थांबली की ते वाजणे थांबेल. तिन्ही गाणी पडद्यावर एकाच यादीत, एकसारख्या चित्रासह शेजारी शेजारी बसलेली असतात. यादीकडे नुसते पाहून फरक कळत नाही, ही एक ओळ पाहावी लागते.

आपल्याकडच्या लोकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आयट्यून्स स्टोअर भारतात डिसेंबर 2012 मध्ये उघडले, म्हणजे गाण्यांची कुलुपे निघाल्यानंतर. तेव्हा बेळगाव, निपाणी किंवा चिकोडीतल्या एखाद्या घरात खरोखरची जुनी कुलूपबंद फाइल सापडली, तर ती बहुधा अमेरिकेतल्या भावाने किंवा मुलीने तिथल्या खात्यावरून घेऊन पाठवलेली असते, आणि ती उघडण्यासाठी त्यांचेच खाते व पासवर्ड लागतो. बाकी जे काही कुलूपबंद दिसेल ते वर्गणीचे समजावे.

अँड्रॉइड मोबाईलवरची तपासणी सोपी आहे. मोबाईल एरोप्लेन मोडवर टाकावा, फाइल मॅनेजर उघडून गाणे नावाने शोधावे आणि तिथूनच वाजवून पाहावे. ॲपमध्ये वाजते पण फाइल मॅनेजरमध्ये सापडत नाही, असे झाले की ते भाड्याचे. स्पॉटिफायच्या उतरवलेल्या गाण्यांसाठी निदान 30 दिवसांतून एकदा इंटरनेटला जोडावे लागते, आणि एका खात्यावर पाच यंत्रांपर्यंत, प्रत्येकावर 10,000 गाणी, अशी मर्यादा आहे. इतर सेवांच्याही याच धर्तीच्या अटी असतात. ज्याच्या गावात टॉवर आठवडा-आठवडा बंद पडतो त्याने प्रवासाच्या आदल्या दिवशी, रेंज असताना ॲप एकदा उघडावे, एवढी काळजी घेतली तरी घाटात गाणे बंद पडत नाही.

जुन्या कुलूपबंद फाइलींचे काय करावे

इथे मला स्वतःचा एक तोटा सांगितला पाहिजे. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका परदेशी दुकानातून मी बावीस रचना विकत घेतल्या होत्या, बहुतेक किराणा घराण्याच्या गायकीच्या, सगळ्या डब्ल्यूएमए. संगणकात व्हायरस शिरला म्हणून दुरुस्तीला दिला, दुरुस्तीवाल्याने माझ्या सांगण्यावरून फाइली आधी सीडीवर काढून ठेवल्या आणि मग संगणक फॉरमॅट केला. फाइली परत आल्या, पण परवाने आले नाहीत. परवाने संगणकाच्या वेगळ्या कप्प्यात असतात आणि ते फॉरमॅटबरोबर पुसले जातात, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हते आणि त्या दुरुस्तीवाल्यालाही. दुकानाने नवे परवाने द्यावेत असे लिहून विचारले. उत्तर आले तोवर दुकानच आवरते घेतले होते. ती सीडी अजून कपाटात आहे.

असा अनुभव आलेला मी एकटा नव्हे. मायक्रोसॉफ्टने आपले एमएसएन म्युझिक हे दुकान बंद केल्यावर एप्रिल 2008 मध्ये जाहीर केले, की 31 ऑगस्टनंतर नव्या संगणकांना किल्ल्या मिळणार नाहीत. ओरड झाल्यावर ती मुदत 2011 अखेरपर्यंत वाढवली. याहूने त्याच वर्षी 30 सप्टेंबरपासून किल्ल्या बंद करण्याचे कळवले आणि पुढे गिऱ्हाइकांना भरपाई देऊ केली. याच्या शेजारी आपल्याकडचे उदाहरण ठेवून पाहावे: फ्लिपकार्टने फेब्रुवारी 2012 मध्ये 'फ्लाइट' नावाचे गाण्यांचे दुकान काढले आणि जून 2013 मध्ये बंद केले, पण तिथे साध्या एमपीथ्री फाइली मिळत होत्या, त्यामुळे ज्यांनी त्या उतरवून घेतल्या त्यांची गाणी आजही वाजतात.

तेव्हा जुन्या कुलूपबंद फाइली हाती असतील आणि त्या अजून एखाद्या संगणकावर वाजत असतील, तर तो संगणक विकण्याआधी, फॉरमॅट करण्याआधी किंवा भंगारात घालण्याआधी पुढची कामे करावीत. आयट्यून्समध्ये 'अकाउंट' या यादीत 'ऑथरायझेशन्स' आहे. ज्या नव्या संगणकावर गाणी न्यायची तिथे खात्याने प्रवेश करून 'ऑथराइझ धिस कॉम्प्युटर' करावे, आणि जुन्या संगणकावर 'डीऑथराइझ' करावे, नाहीतर पाचांपैकी एक जागा त्या मेलेल्या यंत्रासाठी अडून राहते. पाचही जागा भरल्या असतील तर खात्याच्या पानावरून सगळ्या एकदम मोकळ्या करता येतात, पण ही सवलत वर्षातून एकदाच मिळते.

त्यानंतर त्या गाण्यांची ऑडिओ सीडी करून घ्यावी. फेअरप्लेच्या फाइलींना ही मुभा विक्रेत्यानेच दिलेली होती, त्यामुळे यात काही आडवाट नाही. यादीत गाणी ठेवावीत, साध्या 80 मिनिटांच्या सीडीवर 'ऑडिओ सीडी' म्हणून उतरवावीत आणि ती सीडी पुन्हा संगणकात घालून गाणी वाचून घ्यावीत. वाचून घेताना एमपीथ्री निवडू नये. मूळ फाइल आधीच दाबून लहान केलेली असते. ती उलगडून पुन्हा दाबली तर तानपुऱ्याची आस आणि तबल्याच्या किनारीचा आवाज दोन्ही भुरकट होतात. फ्लॅक किंवा ॲपल लॉसलेस या रूपात ठेवले तर निदान दुसऱ्यांदा हानी होत नाही. तास-सव्वा तासाचा एखादा ख्याल एका सीडीत मावेल की नाही, हे मात्र आधी मोजून पाहावे.

कुलूपबंद फाइल सरळ एमपीथ्रीत बदलण्याचा प्रयत्न आयट्यून्सच्या 'कन्व्हर्ट' या सोयीने करून उपयोग नाही. कुलूपबंद फाइलींचे रूपांतर होत नाही असे तो प्रोग्रॅम सांगतो. हीही एक चांगली चाचणी आहे: ज्या गाण्याचे रूपांतर बिनतक्रार होते ते मोकळे आहे.

कायदा कुठे आडवा येतो

कुलूप फोडून देणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर मिळतात आणि बाजारात मोबाईलचे मेमरी कार्ड गाण्यांनी भरून देणारेही कुठे कुठे अजून आहेत. यांच्या वाटेला जाण्याआधी कायदा समजून घ्यावा. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. 2012 च्या दुरुस्तीने त्यात 65अ आणि 65ब ही कलमे आली. हक्कांच्या रक्षणासाठी बसवलेला तांत्रिक उपाय, ते हक्क भंग करण्याच्या हेतूने जो चुकवील, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, असे 65अ सांगते. यातला 'हेतूने' हा शब्द महत्त्वाचा आहे. कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कामासाठी केलेली कृती या कलमाने अडत नाही, असेही त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात आहे. पण तिथेच पुढे, दुसऱ्याला असे कुलूप उघडून देणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे अशी अट आहे. अशी वही ठेवणारा दुकानदार मी अजून पाहिलेला नाही.

दुसरीकडे कलम 52 मध्ये खासगी वापरासाठी रचनेचा रास्त उपयोग आणि त्यासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात केलेली साठवण यांना मोकळीक दिलेली आहे. म्हणून स्वतः विकत घेतलेल्या, कुलूप नसलेल्या गाण्याची एक प्रत संगणकावर, एक मोबाईलवर आणि एक गाडीच्या पेनड्राइव्हवर ठेवण्यात बिचकण्यासारखे काही नाही. हीच प्रत गल्लीतल्या दहाजणांना वाटली किंवा पैसे घेऊन कार्डात भरून दिली, तर मामला कलम 63 मध्ये जातो, ज्यात सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50,000 ते 2,00,000 रुपये दंडाची तरतूद आहे. महिन्याच्या वर्गणीतल्या गाण्याचे कुलूप फोडून ते कायमचे ठेवून घेणे, याला खासगी वापराचे पांघरूण पुरेल असे मला वाटत नाही. ज्याचे भाडे भरले ते घर आपल्या नावावर करून घेण्यासारखेच ते आहे. या मार्गदर्शकात म्हणूनच विक्रेत्याने उघड्या ठेवलेल्या वाटाच सांगितल्या आहेत.

जुन्या ध्वनिमुद्रणांना एक वेगळा नियम लागतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क, ते ज्या वर्षी प्रथम प्रसिद्ध झाले त्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो. 1950 मध्ये निघालेल्या तबकडीवरचा हक्क 2010 च्या अखेरीस संपला. मात्र गीताच्या शब्दांवर आणि चालीवर स्वतंत्र हक्क असतो आणि तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे चालतो. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत. त्यांना लावलेली चाल कोणा संगीतकाराची असली, तर ती वेगळी पाहावी लागते.

नवे विकत घेताना

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: फाइल हातात मिळणार का, कोणत्या रूपात, आणि दुकानाचे ॲप काढून टाकल्यावर ती वाजणार का. दुकानाच्या पानावर 'एमपीथ्री', 'फ्लॅक' किंवा 'डीआरएम-फ्री' असे शब्द दिसले तर पुढे जावे. नुसते 'ऑफलाइन ऐका' असेल तर ती वर्गणी आहे असे समजून मगच पैसे भरावेत. वर्गणीत वाईट काही नाही. रोज नवे ऐकणाऱ्याला ती स्वस्तच पडते, आणि मीही एक भरतो. पण जे गाणे वर्षानुवर्षे लागणार आहे ते वर्गणीवर ठेवू नये.

भारतातून सहज घेता येण्याजोगी दोन दुकाने माझ्या वापरातली आहेत. आयट्यून्स स्टोअर आजही चालू आहे, फक्त ते वर्गणीच्या जाहिरातींमागे लपलेले असते. आयफोनवर ते वेगळे ॲप आहे आणि विंडोजवर आयट्यून्स प्रोग्रॅममध्ये 'स्टोअर' या भागात सापडते. तिथे 256 केबीपीएसची (केबीपीएस म्हणजे दर सेकंदाच्या आवाजासाठी किती माहिती साठवली त्याचे माप) एमफोरए फाइल मिळते आणि यूपीआयने पैसे भरता येतात. दुसरे बँडकँप. तिथे एकदा पैसे भरले की तीच रचना एमपीथ्री, फ्लॅक, वेव्ह अशा हव्या त्या रूपात उतरवता येते. आपल्या भागातले गाजलेले गायन मात्र आयट्यून्सवरच अधिक सापडेल: जिल्ह्यातल्याच सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व, गदगचे भीमसेन जोशी, धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर. शोधताना मराठी, कन्नड आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत शोधून पाहावे, कारण नोंद कोणी कशी केली असेल याचा नेम नसतो. भीमसेन जोशींचे अभंग एका नावाखाली आणि दासरपदे दुसऱ्याच नावाखाली, असे मला अनेकदा आढळले आहे.

खरेदी झाल्यावर त्याच दिवशी फाइल संगणकावर उतरवावी. ही पायरी लोक सर्वांत जास्त टाळतात. गूगल प्ले म्युझिकवर विकत घेतलेली गाणी कुलूपबंद नव्हती, तरीही 2020 च्या अखेरीस ती सेवा बंद झाली आणि 24 फेब्रुवारी 2021 ला तिथली सगळी माहिती पुसली जाईल असे कळवले गेले. ज्यांनी तोवर ना फाइली उतरवल्या, ना संग्रह यूट्यूब म्युझिककडे हलवला, त्यांच्या हाती पावती तेवढी राहिली. आयट्यून्समध्ये गाण्यासमोरच्या ढगाच्या चित्रावर क्लिक केले की फाइल येते, मग उजवे क्लिक करून 'शो इन विंडोज एक्स्प्लोरर' किंवा मॅकवर 'शो इन फाइंडर' निवडावे. समोर जी फाइल उघडी पडेल ती आपली. तिथून ती कुठेही नेता येते, अँड्रॉइड मोबाईलवरसुद्धा.

एक गोष्ट सांगायची राहते. आयट्यून्सवरून घेतलेल्या मोकळ्या फाइलीला कुलूप नसले, तरी तिच्या आत खरेदीदाराचे नाव आणि खात्याचा ईमेल लिहिलेला असतो. 'गेट इन्फो' उघडले की दिसतो. ती फाइल व्हॉट्सॲपच्या गटावर टाकली, तर गाण्याबरोबर आपला पत्ताही फिरत राहतो.

पेनड्राइव्ह, गाडी आणि मंडळाचा स्पीकर

फाइल मोकळी असूनही स्पीकरवर वाजली नाही, की लोक कुलुपाला दोष देतात. बहुतेक वेळा कारण वेगळे असते. जुन्या गाडीतले डेक आणि बाजारातले स्वस्त स्पीकर एमपीथ्रीच ओळखतात. एमफोरए आणि फ्लॅक त्यांना कळत नाही. अशा वेळी आयट्यून्सच्या 'प्रेफरन्सेस'मध्ये 'इम्पोर्ट सेटिंग्ज' उघडून 'एमपीथ्री एन्कोडर' निवडावा, मग गाणे निवडून 'फाइल', 'कन्व्हर्ट', 'क्रिएट एमपीथ्री व्हर्जन' असे करावे. मूळ फाइल तशीच ठेवावी आणि एमपीथ्री फक्त पेनड्राइव्हसाठी वापरावी.

पेनड्राइव्ह 32 जीबीचा किंवा त्याहून लहान घ्यावा आणि तो एफएटी-32 या पद्धतीने फॉरमॅट करावा. त्याहून मोठा पेनड्राइव्ह विंडोजच्या नेहमीच्या खिडकीतून या पद्धतीने फॉरमॅट होत नाही, आणि दुसऱ्या पद्धती जुन्या डेकला वाचता येत नाहीत. चार मिनिटांचे 256 केबीपीएसचे गाणे साधारण 7.7 एमबीचे होते, म्हणजे 32 जीबीत चार हजारांच्या आसपास गाणी बसतात; कोणत्याही भजनी मंडळाला एवढे पुष्कळ झाले. फाइलींची नावे देवनागरीत ठेवली तर पुष्कळ डेकच्या पडद्यावर नुसते चौकोन उमटतात. म्हणून नावे रोमनमध्ये, आणि आधी दोन आकडी क्रमांक घालून लिहावीत; पेटीवादकांसाठी मी काकड्यापासून पसायदानापर्यंत तसाच क्रम लावून दिला. त्यांच्या चाळीस अभंगांपैकी एकतीस विकत मिळाले. उरलेले नऊ ते अजून मोबाईलवरच ऐकवतात, तारेने स्पीकरला जोडून.

गाणे विकत घेतले म्हणजे ते जाहीर कार्यक्रमात वाजवण्याचा परवाना मिळाला असे होत नाही. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत आणि लग्नाच्या वरातीत ध्वनिमुद्रण लावायला कायद्याने सूट दिली आहे. तिकीट लावलेल्या कार्यक्रमाला किंवा हॉटेलात ती मिळत नाही.

जपणूक

मोकळी फाइल जपणे हे पूर्णपणे आपल्यावर येते. माझ्याकडे एक प्रत संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक शहापुरात बहिणीच्या घरी ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवर असते. पेनड्राइव्ह ही साठवणीची जागा नव्हे. तो बरीच वर्षे न वापरता पडला तर त्यातला मजकूर विरू शकतो. सीडी आणि डीव्हीडींना आपल्याकडचा पाऊस मानवत नाही, खानापूर-लोंड्याच्या बाजूला तर दोन पावसाळ्यांत त्यांवर बुरशीचे ठिपके धरलेले मी पाहिले आहेत. वर्षातून एकदा, साधारण दिवाळीच्या साफसफाईत, डिस्क जोडून पाच-दहा गाणी शेवटपर्यंत वाजवून पाहावीत.

खाते कोणाच्या नावावर आहे तेही पाहून ठेवावे. पुष्कळ घरांत वडिलांसाठीची गाणी मुलाच्या नोकरीच्या ईमेलवर घेतलेली असतात. नोकरी सुटली की ईमेल जातो आणि त्याच्यामागून खातेही जाते. खरेदी नेहमी घरच्या, कायम राहणाऱ्या ईमेलवर करावी आणि पासवर्ड घरातल्या दुसऱ्या एकाला माहीत असावा.

फाइल मिळालीच नाही तर

पैसे कापले गेले आणि गाणे आले नाही, किंवा 'डाउनलोड' म्हणून विकले आणि हाती कुलूपबंद फाइल पडली, तर आधी पावतीचा ईमेल, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये ठेवावा. 2020 चे ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियम डिजिटल मालालाही लागू आहेत. त्यांनुसार विक्रेत्याला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याने तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची असते आणि निवारण एका महिन्यात करायचे असते. म्हणून पहिले पत्र त्या अधिकाऱ्यालाच, तारीख घालून, ईमेलने पाठवावे, आणि त्यात काय हवे ते एकाच ओळीत लिहावे: मोकळी फाइल द्या, नाहीतर पैसे परत करा.

महिना उलटला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आपल्याला कन्नड येत नसेल तर तिथे मराठीतही बोलता येते. त्यापुढची जागा जिल्हा ग्राहक आयोगाची. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, तक्रार ऑनलाइन दाखल करता येते आणि ग्राहक जिथे राहतो त्याच जिल्ह्यात ती करता येते, त्यामुळे विक्रेत्याचे कार्यालय बेंगळुरूत असो की मुंबईत, तिथे जावे लागत नाही. अर्ज मात्र कन्नड किंवा इंग्रजीत तयार ठेवावा, मराठी पावत्या असतील तर त्यांचे भाषांतर जोडावे, आणि गाण्याची फाइल पुरावा म्हणून पेनड्राइव्हवर देताना त्यावर खरेदीची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी.